आमच्या साडूंची सही

जर्मनीत चोवीस वर्षं राहून एक दिवससुद्धा पुणं न सोडलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. घर लुडविग्सहाफेनला, नोकरी तिथल्याच एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्य कचेरीत, पण मनगटावरचं घड्याळ कायम पुण्याचं. उन्हाळ्यात सकाळी नऊला आणि हिवाळ्यात आठलाच हे डबा उघडून पोळीभाजी खायला बसतात. आजूबाजूचे जर्मन तेव्हा पहिली कॉफी ढवळत असतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिकडे साडेबाराला सगळे जेवतात हो. घड्याळ मागेपुढे करायची खोड यांना आहे, पुण्याला नाही." पुण्यात आज कुठला रस्ता बंद आहे हे पुण्यातल्या माणसाने यांना फोन करून विचारावं! बैठकीत कुणी "पुण्याचं काम लांबलं" म्हणालं, की हे "आल्झो..." म्हणजे 'तर मग...' असा लांब सूर लावून गौरी-गणपतीपासून सुरुवात करतात. वरिष्ठ बिचारे विसर्जनापर्यंत दमून जातात आणि मुदत वाढवून देतात.

या कंपनीची पुण्यात एक उपकंपनी आहे. सुरुवातीला तिचं काम एवढंच, की इथून गेलेली ड्रॉइंग्ज नीट उतरवून परत पाठवायची. ती साडूंनी तपासायची आणि फ्रायगाबे द्यायची, म्हणजे 'चालेल' म्हणून सही करायची. त्या सहीशिवाय तिकडे स्क्रूसुद्धा फिरत नसे. ही सवय घरातही घुसली. ताई, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, पुरणपोळ्या करायला बसली की पहिली पोळी 'नमुना' म्हणून यांच्यापुढे जायची, आणि कडा जाड निघाल्या तर तवा थांबायचा. आमच्या कार्ल्सरूहेच्या घरात मी मरमरून कपाट जोडलं, तर हे टेप घेऊन हजर. "तीन मिलिमीटर झुकलंय. फ्रायगाबे नाही." आमच्या हिने आठवडाभर कपडे पलंगावर ठेवले. नवऱ्यापेक्षा तिचा मेव्हण्यावर विश्वास जास्त!

पण पुण्यातल्या पोरांवर या माणसाचा जीव. एका साताऱ्याच्या मुलीचं पहिलं ड्रॉइंग यांनी अकरा वेळा परत पाठवलं. ती रडली. मग यांनी रोज तासभर फोनवर बसून तिला एकेक रेघ समजावली. पुढे ती इतकी तयार झाली की जेवताना आमच्यापुढे तिचंच कौतुक. ताई म्हणायची, "पोटच्या पोरीच्या मार्कांना कधी एवढे खूश झाला नाहीत."

आणि यंदा मुख्य कचेरीच्या मनात आलं, की छोट्या पंपांचं सगळं काम पुण्यालाच देऊन टाकावं. कल्पनेपासून शेवटच्या सहीपर्यंत, अख्ख्या जगासाठी. फक्त पुणं तयार आहे का, याचा अहवाल हवा होता. तो लिहिणार कोण? आमचे साडू. तयार आहे म्हटलं, तर यांच्या टेबलाला कामच उरत नाही. वय चौसष्ट, निवृत्तीला अजून तीन वर्षं. मी आपला व्यवहारी माणूस. म्हटलं, "साडूभाऊ, अजून तीन वर्षं लागतील असं लिहा. तोवर मानाने निवृत्त व्हाल. कोण विचारतंय?" ते संत्रं सोलत राहिले. पुढे दहा दिवस ताईचे फोन, "अहो, हे धड जेवत नाहीत. एवढं काय लिहायचंय?"

रविवारी आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला. जर्मनमध्ये तीनच वाक्यं होती. पुणे तयार आहे. दोन वर्षांपूर्वीच तयार होतं. उशीर माझ्यामुळे झाला.

मी चिडलोच. "अहो, पहिलं वाक्य पुरे होतं की! बाकीची कशाला?"

"त्या मुलीच्या कामात दोन वर्षं मला चूक सापडत नव्हती," ते म्हणाले. "तरी काहीतरी बारीकसं काढून मी परत पाठवत होतो. ती बिचारी बदलायची आणि वर 'थँक यू सर' लिहायची. पाप वाटायला लागलं हो."

त्यांच्या जागी मी तीन वर्षं लिहून मोकळा झालो असतो, आणि मला झोपही लागली असती. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

आता ते जुन्या कागदांच्या विभागात बसतात. ड्रॉइंग्ज पुण्याहून थेट कारखान्यात जातात. परवा दुपारी मी सहज फोन केला.

"आज पुण्याहून एकही फोन नाही," ते म्हणाले.

"कामात असतील."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "कामातच आहेत."

फोन मात्र ते ठेवेनात. मीही ठेवला नाही.