नदीकाठच्या टप्प्यावरच्या वेली

मॉन्ट्रियलच्या पूर्वेला, नदीच्या खोऱ्यात एक छोटा मठ आहे. तिथल्या एका वृद्ध संन्याशाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना पुन्हा चालतं करायचं काम माझ्याकडे आलं. मी फिजिओथेरपिस्ट, मूळची नागपूरची. तो सगळा हिवाळा मी आठवड्यातून दोनदा तिकडे जायचे.

तिथे उतारावर दगडी बांध घालून टप्प्याटप्प्यांनी द्राक्षं लावलेली. वरचे टप्पे एका नवरा-बायकोचे, नदीलगतचे तीन मठाचे. दोन्हीकडे वाइन घरापुरती आणि थोडी विकण्यापुरती व्हायची. मठात आता मोजकेच संन्यासी उरले होते आणि वेलींचं सगळं माझे हे पेशंट एकटेच बघत. हिवाळ्याआधी इथल्या वेली आडव्या करून मातीखाली झाकाव्या लागतात, नाहीतर थंडीनं मरतात. तेच करताना ते बांधावरून पडले होते.

त्यांना सगळे 'फ्रेर' म्हणत, म्हणजे भाऊ. मीही तेच म्हणायचे. व्यायाम निमूट करायचे. दुखतंय का विचारलं की म्हणायचे, "दुखायलाच हवं ना?"

फेब्रुवारीत मठानं वाइन करणं बंद करायचं ठरवलं. त्या शेजारच्या नवरा-बायकोतल्या बाई एकदा ऐन व्यायामाच्या वेळी आल्या. बूट काढून दाराशीच उभ्या राहिल्या.

"फ्रेर, तुमच्या तिनातले वरचे दोन टप्पे आम्ही घेतोय," त्या म्हणाल्या. "पण नदीकाठचा... तिथल्या वेली उपटाव्या लागतील."

फ्रेरनी व्यायामाचा आडवा दांडा धरून ठेवला होता. "कधी?"

"बर्फ वितळलं की."

"मला तिथे यायचंय," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तोवर चालता येईल?"

"घाई केली नाहीत तर येईल," मी म्हटलं.

त्यानंतर ते जास्त व्यायाम करू लागले. मीच थांबवायचे.

एप्रिलच्या शेवटी आम्ही गेलो. वॉकर चिखलात रुतत होता, म्हणून काठी आणि माझा हात. त्या बाईंनी बांधाजवळ खुर्ची ठेवली होती. त्यांचा नवरा वेलीच्या बुंध्याला साखळी बांधायचा आणि ट्रॅक्टर पुढे घ्यायचा. मुळं तुटल्याचा आवाज यायचा. म्हाताऱ्या माणसाला हे सोसेल का, असं मला वाटत होतं. बाईंनाही वाटलं असावं.

"फ्रेर, आत जाऊन बसता का थोडं?"

"कशाला?" त्यांनी काठी उचलून दाखवलं. "त्या कोपऱ्यातल्या आधी काढा. त्या सगळ्यात वाईट."

"वाईट?" बाईंनी विचारलं.

"इथे वेली लावायलाच नको होत्या," ते म्हणाले. "उतारावरची सगळी थंड हवा खाली येते आणि पुरासाठी नदीकडे घातलेल्या या भिंतीशी अडते. दर वसंतात कोवळे कोंब काळे पडायचे. मी तरुण असतानाच मठाधिपतींना सांगितलं होतं. ते नाही म्हणाले. पुढचेही नाही म्हणाले. पहिल्या संन्याशांनी लावलेल्या वेली, त्यांना हात लावायचा नाही."

"मग तुम्ही इतकी वर्षं..." बाई म्हणाल्या.

"आज्ञा पाळायची शपथ घेतली होती मी."

"राग नाही यायचा?" मी विचारलं.

"रोज यायचा." ते जरा हसले. "मग छाटणीला लागायचो."

दुपारपर्यंत टप्पा रिकामा झाला. ते शेवटपर्यंत बसले, मधूनमधून सूचना देत. परत जाताना त्यांनी माझा हात घेतला नाही. दार येईपर्यंत मी मागून चालत राहिले. पुढच्याच महिन्यात माझं तिथलं काम संपलं.

त्या टप्प्यावर आता नुसतं गवत आहे. वरच्या दोन्हींची वाइन ते नवरा-बायको करतात. पुढच्या वर्षी मी भेटायला गेले तेव्हा बाईंनी मला एक बाटली दिली. मी पीत नाही. माझा नवरा म्हणाला, आंबट आहे, पण संपवली त्यानं.