सुळे बघून हात घाल

माकडांच्या शेडमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत, ते अंगावर येतात. चिंचवड स्टेशनामागे आमची शेड. देशभरातून पकडलेली माकडं इथं नर-मादी वेगळी करून निवडतात, मग ती परदेशी जातात, लस बनवायला. निवड सोपानदादा करायचा, माझा थोरला भाऊ. मी पिंजरा धरायचो. दादाला जाऊन महिनाही झाला नाही.

*

माकड कोपऱ्यात अंग चोरून बसतं. नर की मादी, कळणार कसं?

मुकादम बाबूराव म्हणाले, "थोराड त्यो नर, बारकी ती मादी. घरच्यावानी!"

तेवढ्यात त्यांची बायको डबा घेऊन आली. बाबूरावांच्या दुप्पट!

*

मावळातल्या माकडांना तो नियम चालला. मग उत्तरेकडची लालतोंडी आली. त्यांच्या माद्याच आमच्या नरांएवढ्या! बाबूरावांनी अख्खा लॉट नरांच्या पिंजऱ्यात कोंबला. सकाळी बघतो तर आत एक पिल्लू जास्त.

"बाबूराव, तुमचा नर बाळंत झाला!" दादा ओरडला.

मला म्हणाला, "मुलूख बदलला की माप बदलतं, भावा. शेंगदाणा दाखव, तोंड उघडलं की सुळे बघ. लांब असले तर नर. मगच हात घाल."

*

एका नरानं पत्र्याचा मग चावला. आरपार भोकं! बाबूरावांनी तो दारावर टांगला. "नवा गडी आला की दावायचा. निम्मे तिथूनच पळत्यात!"

मी त्या दिवशी खिशातले हात फक्त जेवायला काढले.

*

मग दक्षिणेकडची आली. एवढीशी! नरसुद्धा आमच्या मादीएवढे.

बाहेर ट्रक उभा. बाबूराव घाईला आलेले. "दात काय बघतोस सोपान, पोरगी बघायला आलायस व्हय?"

दादा हसला आणि कोपऱ्यातल्या बारक्या मादीला हात घातला.

ती मादी नव्हती.

मनगट फाटलं. हात खांद्यापर्यंत काळा पडला. दादा गेला.

*

तेरावं उरकून मी शेडवर आलो. चावण्याच्या भानगडीत तो लॉट तसाच पडून होता. दांडकं घेऊन थेट मोठ्या पिंजऱ्यात घुसलो. दादाला चावला त्यालाच मारायचं होतं. पण सगळी सारखीच दिसत होती!

मागं दार आपटलं, बाहेरून कडी पडली. सगळी दात विचकायला लागली. दांडकं हातातून सुटलं. मी खालीच बसलो.

"हलू नगंस!" बाबूराव जाळीपाशी धावत आले.

एक माकड माझ्या खांद्यावर चढलं. त्याचा श्वास कानाला लागत होता. मग गार बोटं माझ्या मुंडन केलेल्या डोक्यावर फिरायला लागली. एकेक खुंट बाजूला सारून उवा शोधत होती.

"आरं, नर हाय का मादी?" बाबूरावांनी कडीला हात घातला. "थांब, दार उघडतो."

मी डोळे मिटले. सुळे बघितलेच नाहीत.

"बाबूराव," मी म्हणालो, "दार जरा राहू द्या."