‘येते’ न म्हणणाऱ्या मडम

“हळू. देव बहिरा न्हाय.”

असं म्हणून मडम दोन्ही कानांवर हात ठेवायच्या. प्रार्थनेला बसलेल्या पोरांनी गाणं ताणलं की हेच, बाळंतिणीची सासू दवाखान्यात बोंबलायला लागली की हेच. एकदा गिरणीचा भोंगा झाला तेव्हाही त्यांनी वर बघून हेच सांगितलं. भोंग्यानं ऐकलं नाही.

तुम्ही तेव्हा सोलापुरात असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स. उंच, उन्हानं लाल झालेलं नाक, आणि सायकलला औषधांची पिशवी अडकवून विणकरांच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्या. आधी त्या चीनमध्ये होत्या. तिथं माणसं आपसातच लढायला लागली, तोफा दवाखान्यापर्यंत आल्या, तेव्हा मिशनच्या लोकांना घाईघाईनं होडीत घालून बाहेर काढलं. त्यात मडमची छाती बिघडली, म्हणून त्यांना सोलापूरच्या कोरड्या हवेत धाडलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात तब्येत सुधारते असं सांगणारा तो डॉक्टर मला एकदा भेटायला हवा होता.

पाद्रीसाहेब मराठी पुस्तकातून शिकलेले. ते पेशंटला म्हणायचे, “कृपया आसनस्थ व्हा.” पेशंट घाबरून उभाच राहायचा. मडम मराठी शिकल्या त्या बाळंतिणींकडून. त्या म्हणायच्या, “बस की गं, लई दमलीस.” मग बसायची.

मी मैंदर्गी गावचा. शाळा इंग्रजी तिसरीपर्यंत, आणि काम म्हणाल तर तंबूतल्या सिनेमात आवाज काढायचं. चित्रं मुकी, तोंड माझं. घोडा मी, पाऊस मी, भांडणारे नवरा-बायको दोघंही मीच. मडमचीही नक्कल करायचो. एकदा दवाखान्याच्या ओट्यावर बायकांना करून दाखवत होतो, तर बायका एकदम हसायच्या थांबल्या. मागं मडम उभ्या. म्हणाल्या, “नाक जास्त झालं. परत कर.” मी परत केली. “आता बरी हाय,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

एका बाबतीत मात्र बाई भलत्या हट्टी. कुणाच्या घरून निघताना म्हणायच्या, “जाते मी.” आता आपल्यात निघताना ‘जाते’ कुणी म्हणतं का? जाणारा एकदाच जातो. बायका कळवळून सांगायच्या, मडम, ‘येते’ म्हना की. त्यांचं उत्तर ठरलेलं: उद्या येईन का ते देवाला ठाऊक, मग खोटं कसं बोलू? नरसम्मा नावाच्या विणकरणीनं नातवाच्या बारशाला त्यांची सायकलच धरून ठेवली. शेवटी तडजोड झाली. मडमनी ‘जाते’ म्हणायचं, आणि त्यांच्या वतीनं नरसम्मानं लगेच ‘येते’ म्हणून टाकायचं.

चीनचं विचारलं तर त्या एकाच माणसाचं सांगायच्या. दवाखान्याच्या दाराशी बसणारी लंगडी म्हातारी, नाव वांग. बायकांनी तोंडाला पदर लावले. नरसम्मानं विचारलं, भरलेलं का भरताचं? मडमही हसल्या. मग म्हणाल्या, ती होडीत आली न्हाय. आत तापानं फणफणलेली माणसं पडलीत, त्यांना पाणी कोण देईल, म्हणाली. होडी सुटली तरी ती दारातच उभी होती.

पुढं मिशनच्या आवारात एक सिनेमा आला. तो नेमका असाच, लढाईतून पळणाऱ्या मिशनऱ्यांचा. आवाजाला आणि समजवायला मी. पडद्यावरच्या पाट्यांचं इंग्रजी निम्मं वाचायचो, निम्मं ठोकून द्यायचो. पुढं सतरंजीवर विणकरांच्या बायका, मागच्या बाकावर मडम. मी तोंडानं इतक्या तोफा उडवल्या, पण मागून एकदाही ‘हळू’ आलं नाही.

मग होडी आली. काठावर एक नोकर म्हातारी उभी राहिली. पडद्यावरच्या मडमचे ओठ हलले आणि पाटी आली. मी बायकी आवाज काढून म्हटलं, “येते गं माय.”

तर सतरंजीवरच्या साऱ्या बायका पडद्याला म्हणाल्या, “या हं. सांभाळून या.”

मी हसून मागं पाहिलं. मडम मान खाली घालून बसल्या होत्या.

माणसं पांगल्यावर त्यांनी मला बोलावलं. “पाटीवर काय होतं?”

“गुड बाय.”

“मग तू ‘येते’ का म्हणालास?”

“मडम, समोर माणूस उभं असताना ‘जाते’ कसं म्हणायचं? तोंडातून निघतच न्हाई.”

“माझ्या निघालं की,” त्या म्हणाल्या. “ती दारात उभी होती, आणि मी तिला ‘जाते’ म्हणाले.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी परत चीनला जायची परवानगी मागितली. पाद्रीसाहेबांनी नाही सांगितलं. छाती अशी, तिकडची लढाई थांबलेली नाही, आणि ती वृद्धा हयात आहे की नाही हेही ठाऊक नाही.

“व्हय,” मडम म्हणाल्या, “पण दार तर असंल की.”

नरसम्माही अडून बसली. तिच्या धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते. तेवढ्यासाठी मडम थांबल्या, मुलगी झाली, तिला आंघोळ घातली आणि मग निघाल्या. पाद्रीसाहेब रुसले होते, पण ट्रंक त्यांनीच उचलली.

स्टेशनात मी विचारलं, तिथं दारात उभ्या राहून काय म्हणणार? “ह्वे-लाय-ला,” त्या म्हणाल्या. म्हणजे परत आले. मी म्हणून बघितलं. त्यांनी सूर सुधारला, मी परत म्हटलं, त्यांनी परत सुधारला. नरसम्मा ऐकत होती. “अगं, ह्यात ‘आलाय’ हाय की,” म्हणाली. “तिकडं बी ‘आलाय’च म्हनतात.” मडम इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. खोकतच त्या डब्यात चढल्या आणि गाडी हलली.

त्यांचं पुढं काय झालं, कुणालाच कळलं नाही. पाद्रीसाहेब बदलून गेले. सिनेमा बोलायला लागला आणि मी गप्प झालो. आता चादरींच्या दुकानात गिऱ्हाइकांना बोलवतो. पण गल्लीत नरसम्माच्या घरी गेलो की जमलेल्या बायका म्हणतात, मडम कर. मी नाक लावतो, सायकल चालवतो, त्या पोट धरून हसतात. मग नरसम्मा म्हणते, “आता तिकडचं.”

मी बाहेर जातो. उंबऱ्याशी उभा राहतो, आत बघतो आणि म्हणतो, “ह्वे-लाय-ला.”

हसत कुणीच नाही. नरसम्मा जरा सरकते, शेजारी जागा करते.

“ये,” म्हणते. “बस.”