बदलीत मागे राहिलेले

माझ्या मामेसासऱ्यांइतका हळवा माणूस अख्ख्या भोपाळात दुसरा नाही, आणि सासऱ्याच्या हळवेपणाचा माझ्याइतका त्रास दुसऱ्या कुठल्या जावयाला झाला नसेल. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरवर जेवायला गेलो, तेव्हा एकुलत्या एक आरामखुर्चीत दोन हात लांबीचा हिरवागार इग्वाना सरडा पसरला होता. "जावईबापू, तुम्ही सतरंजीवर बसा. साहेब आत्ताच झोपले," मामा कुजबुजले. कुणा इंजिनिअरची बदली झाली, ट्रकमध्ये फ्रीज चढला, सोफा चढला आणि हा कुंपणाशी राहिला. दिवसभर एका जागी बसतो, काही करत नाही आणि सगळे त्याला वचकून असतात, म्हणून मामांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. करोंदच्या मंडीतून भाजी आली की कोवळी पानं साहेबांना आणि देठ मामींच्या कढईत! बाथरूमच्या टबात, पोरांना कंटाळा आला म्हणून कुणीतरी आणून दिलेली दोन विलायती कासवं. पाहुण्यानं आंघोळ करायची ती त्यांच्याकडे पाठ करून, कारण मामांच्या मते ती लाजाळू होती.

पण खरी कसोटी पाहिली ती प्रिन्सनं. हा राखाडी, लाल शेपटीचा आफ्रिकन पोपट. मालकांची बदली झाली आणि सोनागिरीच्या एका दुकानदाराकडे पिंजरा 'दोन दिवसांसाठी' ठेवून ते गेले ते गेलेच. मामांनी त्याला घरी आणलं तेव्हा त्यानं छातीची पिसं स्वतःच उपटून काढली होती. खाणं बंद. दिवसभर दाराकडे बघत तो बाईच्या गोड आवाजात म्हणायचा, "प्रिन्स बेटा, खा लो ना!" आणि मग कुणी भरवायला येतंय का याची वाट बघायचा. मामांच्या घशाखाली घास उतरेना. मामी नेमक्या नागपूरला माहेरी गेलेल्या. शेवटी मामांनी पोपटाकडूनच शिकवणी घेतली. झुपकेदार मिशांचे, टर्बाइनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय असलेले माझे मामेसासरे पिंजऱ्यासमोर बसून नाजूक आवाज काढू लागले. पोपटानं माणसाला बोलायला शिकवलं, असं मी तेवढं एकच घर पाहिलं.

खालच्या तिवारीबाईंनी मात्र फक्त आवाज ऐकला. त्यांनी थेट नागपूरला फोन लावला. "भाभीजी, आप जल्दी आ जाइए. भाईसाहब के यहाँ कोई औरत है. बड़े प्यार से खाना खिला रही है!"

मामी मिळेल त्या गाडीनं आल्या. मीच त्यांना स्टेशनवरून आणलं. दार ढकललं तर आत मामा, डोक्यावरून मामींचीच ओढणी, हातात सोललेला शेंगदाणा.

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही?"

"श्श!" मामा त्याच नाजूक आवाजात म्हणाले, "दुसरा दाणा खाऊन राहिला तो."

मामी उंबऱ्यात उभ्या. मी मनातल्या मनात त्यांचं नागपूरचं परतीचं तिकीट काढलं. पण त्यांनी प्रिन्सची उघडी छाती पाहिली, हातातली बॅग खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ओढणी अशी नाही घेत. सरका, मी बघते."

थंडी सरेपर्यंत पिसं परत आली. आणि एका रविवारी त्या मालकीणबाई आल्या. नवऱ्याशी भांडून, दुकानदाराकडून पत्ता काढून, एकट्याच. जिन्यातून त्यांनी "प्रिन्स!" अशी हाक मारली मात्र, पोपटानं पिंजरा मोडायचाच बाकी ठेवला. त्या दारातच रडायला लागल्या. "हमसे बहुत बड़ी गलती हो गई, अंकल." मामांनी पिंजरा पुसला, त्यांच्या हातात दिला आणि गाडीपर्यंत पोचवून आले. स्वयंपाकघरात मामींनी नळ मोठा सोडला होता. भांडी मात्र सगळी घासलेली होती.

"तुमच्या घरून आजवर गेलेला हा पहिलाच, नाही?" मी विचारलं.

"न्यायला कुणी येतच नाही ना," मामा म्हणाले.

मग ते उठले. कासवांची पाठ जुन्या ब्रशनं घासून लख्ख केली, टबाचं पाणी बदललं, साहेबांना कोमट पाण्यानं पुसून, नखं साफ करून पुन्हा खुर्चीत बसवलं. मामी पदरानं डोळे टिपत बाहेर आल्या. "एवढी तयारी? आज कुणी यायचंय का?"

"नाही," मामा साहेबांच्या मानेवरचं पाणी टिपत म्हणाले. "पण आलंच कुणी, तर चांगले दिसले पाहिजेत."