आधी कोनं बोलाव

घरात कापूस भरला का त्याच्या वासानं मले ती सांज आठवते. परदेशातली नात पहिल्यांदा मोबाइलवर दिसनार होती. तिले फक्त इंग्रजी येते. धाकट्या सुनेनं माह्याकडून "हाय बेटा, हाऊ आर यू" घोकून घेतलं होतं. रेंज कापसाच्या ढिगावरच भेटे, म्हनून मी तिथंच बस-ऊठ करत होतो. नात दिसली. तीही गप, मीही गप. "बोला ना, मामाजी!" सून म्हने. "मी काहून? लहान्यानं आधी राम राम घालाव लागते!" नात कंटाळून उठाले लागली. "हाय बेटा!" मी ओरडलोच. ती हासत परत बसली. आता दर रविवारी आधी मीच बोलतो. पन गावातल्या पोट्ट्याईले हे सांगत नाही. त्याईच्या राम रामसाठी मी अजूनही रस्त्यात थांबतो.