गव्हाणीमागचं दार

"आधी दुसरं दार दाखवा," असं आमचे विमा एजंट पहिल्या दारातूनच म्हणायचे. आमच्या चर्चच्या इमारतीचा विमा त्यांच्याकडे. दरवर्षी पावसाळ्याआधी मुदखेडहून सकाळच्या गाडीने नांदेडला यायचे, चपला काढायचे, आम्हाला जयभीम करायचे, आमचा सलाम घ्यायचे आणि चहाला नको म्हणून थेट भिंती चाचपायला लागायचे.

मी चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी, पेशाने मास्तर. विमा एजंट दिसला की माझ्या कपाळावर आपोआप आठ्या चढतात. तुमच्याही चढत असतील, उगाच साधुपणा नको! पण हा माणूस पॉलिसीचं नावच काढायचा नाही. खिडकीचे गज हलवून बघायचा, माइकच्या कपाटाचं कुलूप ओढून बघायचा. स्विचबोर्डला तर नाक लावायचा.

"जळकट वास येऊन राहिला, सर."

"अहो, तो पलीकडच्या हॉटेलातल्या भज्यांचा!"

"असंल. पण वायरमनला बोलवाच."

वायरमन आला. वास भज्यांचाच निघाला. तरी हे खूश.

एकदा आग विझवायचं नळकांडं कसं चालवायचं ते दाखवायला गेले आणि पांढऱ्या भुकटीने आमची पेटी, तबला आणि आमचे धर्मगुरू पाळकसाहेब एका रंगाचे करून टाकले. मग स्वतःच फडकं मागून घेतलं आणि दुपारपर्यंत बाकं पुसत बसले. आता असल्या माणसावर रागवायचं तरी कसं, सांगा!

एका वर्षी आम्ही नवीन माइक घेतला, त्याची विम्यात नोंद करायला ते नाताळच्या तोंडावर आले. चर्च सजत होतं. बाजूच्या दारापुढे मार्थाआजी येशूबाळाची गव्हाणी बांधत होत्या. बांबू, कडबा, मातीची मेंढरं. गव्हाणीची ती जागा आजींच्या मालकांनी ठरवलेली. मालक गेले, लेकरं पुण्याला गेली, आजींना हौसेचं म्हणावं असं हेच एक काम उरलं होतं. त्या कडब्यामागे दार आहे, हे दर नाताळात आम्ही सगळे पार विसरून जायचो. नाताळच्या भक्तीला आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, आणि प्रत्येकाच्या हातात पेटती मेणबत्ती.

"आजी, हे तिकडं वेदीजवळ घ्यावं लागंल," ते म्हणाले.

"का म्हणून?"

"एखादी मेणबत्ती कलंडली तर माणसं जातील कुठून?"

"आजवर कलंडली न्हाई. माझ्या मालकाची जागा हाय ही. हलवायची असंल तर मी गव्हाणीच बांधत न्हाई. आन् भक्तीलाबी येत न्हाई!" आजींनी हातातला कडबा खाली टाकला.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. दार तसंच ठेवावं तर गच्च भरलेल्या चर्चमधली लेकरं डोळ्यांपुढे यायची, आणि आजींना दुखवावं तर त्यांचा नाताळच संपला. मी हळूच म्हटलं, "यंदा राहू द्यायचं का? विम्याला काही अडचण?"

"विम्याला काय, सर? भिंत पडली तर भिंत भरून देईल. लेकरू कोण भरून देणार?"

मग ते आजींशेजारी मांडी घालून बसले. मातीची मरीया हातात घेतली.

"आजी, मागं पाळकसाहेबांच्या भाषणात ऐकलं होतं. तो हेरोद राजा लेकरं मारायला निघाला, तवा हे बाळाला घेऊन कुठं गेले?"

"मिसर देशात. योसेफाला सपनात देवदूतानं सांगितलं, ऊठ, पळ."

"आन् तुमच्या ह्या गव्हाणीतून त्यांनी पळावं कुठून? म्होरं समदा गाव, मागचं दार तुम्ही बुजवून टाकलेलं."

आजी मेंढरांकडे बघत राहिल्या. मग एकदम खुदकन हसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "तू विहारात जाणारा, आन् मला पवित्र शास्त्र शिकवून राहिला व्हय? चल, धर तिकडून!"

दोघांनी मिळून गव्हाणी वेदीपाशी नेली. वाटेत योसेफाची काठी मोडली, ती त्यांनी झाडूच्या काडीने बसवून दिली. भक्तीच्या दिवशी बाजूचं दार सताड उघडं होतं. काहीही झालं नाही. गार वारा तेवढा येत होता, आणि ते शेवटच्या बाकावर मफलर गुंडाळून समाधानाने बसले होते. मला फार बरं वाटलं.

या उन्हाळ्यात ते गेले. झटका आला आणि संपलं. आम्ही मुदखेडला जाऊन आलो, आजी हट्टाने आल्या. आता विम्याला दुसरे एजंट येतात. फोटो काढतात, सह्या घेतात, चांगले आहेत बिचारे.

यंदाही आजींनी गव्हाणी वेदीपाशीच बांधली. जवळ जाऊन बघतो तर मागच्या कडब्याच्या भिंतीत एक भगदाड, मातीचं गाढव बाहेर पडेल एवढं. मला वाटलं, कडबा सुटलाय.

"आजी, बुजवू का हे?"

"हात लावू नको," आजी म्हणाल्या. "आता योसेफाला 'ऊठ, पळ' सांगायला कोण येणार हाय?"