सेल्वी हळू की तिचं मशीन?

कंप्युटर सपोर्टच्या नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपण फोन उचलून 'हॅलो, काय प्रॉब्लेम?' एवढंच म्हणायचं, बाकीचं काम समोरचा करतो. इथे चेन्नईत, अड्यारला आमची मराठी मंडळी रविवारी कुणाच्या तरी घरी पोह्यांना जमतात, आणि प्लेट हातात येते न येते तोच कुणीतरी विचारतं, "काय गं, या आठवड्यात काय जळलं?" अरे बाबांनो, जळत काही नाही! कंप्युटर नुसते घरघरतात आणि आपला अंत बघतात.

आज सांगते ते सगळे एकाच ऑफिसातले आणि एकाच भांडणातले. मी मूळची कराडची. हातात घेतलेलं सोडायचं नाही, हा आमच्या घरातला आजार आहे. माझ्या नवऱ्याला विचारा.

अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाड्यांचे ब्रॅकेट बनवणारी एक छोटी कंपनी आहे. हेड ऑफिस पुण्याला. खाली वर्कशॉप, वर ड्रॉइंग सेक्शन. पुण्याच्या लोकांनी सगळ्या मशीनवर नवीन अँटिव्हायरस टाकला आणि त्या दिवसापासून वरची मशीनं दळण दळल्यासारखा आवाज करायला लागली. हार्ड डिस्क दिवसभर फिरतेय, एक ड्रॉइंग उघडायचं तर माणूस खाली जाऊन कॉफी पिऊन परत येतोय.

त्यात सापडली सेल्वी. विलुप्पुरमजवळच्या गावातली मुलगी, ड्रॉइंगला हात एकदम साफ, पण नोकरीवर नवी, अजून पर्मनंट नाही. मॅनेजर मोहनसार म्हणायला लागले की ही मुलगी फार हळू आहे, महिनाअखेरीला हिला ठेवायचं की नाही ते बघू. सेल्वीने घरी सांगून ठेवलं होतं की पर्मनंट झाले की लग्नाचं बघू, तोवर नाव काढू नका. आता नोकरीच गेली तर गावी परत, आणि मांडव तयारच. हे तिने मला फोनवर सांगितलं, हुंदके देत. मी म्हटलं, हळू तू नाहीस, तुझं मशीन आहे, आणि ते मी सिद्ध करून दाखवणार. बोलून तर बसले!

*

सुरुवात फोनवर झाली. मी सेल्वीला विचारलं, कॅबिनेटवर एक बारीक लाल दिवा असतो, तो लुकलुकतोय का? डिस्क काम करत असली की तो लुकलुकतो. ती म्हणाली, "नाही अक्का, बंद आहे." शेजारच्या मशीनचा? तोही बंद. मग डिस्कचा दोष नाही म्हणून मी अख्खा दिवस नेटवर्कच्या मागे घालवला. केबली बदलून घेतल्या, पुण्याच्या माणसाशी वाद घातला.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष गेले. बघते तर प्रत्येक कॅबिनेटवर चंदनाचा गोळा आणि त्यावर कुंकू, आयुध पूजेचं, म्हणजे आपल्या खंडेनवमीचं. आणि ते नेमकं त्या दिव्यावर! वाळून टणक झालेलं.

हे काम रावसारांचं. रावसार म्हणजे तिथले अ‍ॅडमिन ऑफिसर. तंजावूरकडचे मराठी, कितीतरी पिढ्या तमिळनाडूत. माझ्याशी मराठीतच बोलतात, पण ती मराठी अशी जुनी आणि तमिळ चालीवरची, की मला पहिले काही दिवस 'सगळं' ऐवजी 'अस्कं' ऐकून दचकायला व्हायचं. मी विचारलं, सर, गंध दिव्यावर का लावलं? तर ते शांतपणे म्हणाले, "माणसाला कपाळाला लावतो अम्मा. मशीनला जिथे जीव दिसतो तिथेच लावणार ना?"

मग मी त्यांची परवानगी घेतली आणि ओल्या फडक्याने सेल्वीच्या मशीनचं गंध पुसलं. खाली दिवा लालभडक पेटलेला. लुकलुकतही नव्हता, सारखा पेटलेला होता, म्हणजे डिस्कला क्षणाचीही उसंत नव्हती. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की सेल्वीला वाटलं मशीन दुरुस्तच झालं.

*

रावसारांनाही मदत करायची होती. त्यांचं निदान वेगळं होतं. मशीन घरघरतंय म्हणजे तापलंय. ते शनिवारी जॉर्ज टाउनला जाऊन होलसेलमध्ये टेबल फॅन घेऊन आले आणि एकेका कॅबिनेटच्या मागे एकेक लावून दिला.

सोमवारी ड्रॉइंग सेक्शनमध्ये वादळ. प्रिंट काढलेली ड्रॉइंगं खिडकीतून थेट बसस्टॉपवर. सेल्वी एक प्रिंट पकडायला धावली तर दुसरी उडाली. मोहनसार वर आले तेव्हा ती टेबलाखाली होती, आणि ते मला म्हणाले की पाहिलंत, ही कधी जागेवर नसते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फॅन बंद केले, तरी डिस्क घरघरतच होती.

*

मग मी अँटिव्हायरसवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा मुलगा छापील इंग्रजी बोलत होता. मी त्याला प्रॉब्लेम सांगितला, त्याने मशीन रीस्टार्ट करायला सांगितलं. केलं. पुन्हा घरघर. त्याने पुन्हा रीस्टार्ट सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने तेच सांगितलं तेव्हा मी स्वतःशीच म्हटलं, "अरे देवा, काय डोकं आहे का दगड!"

पलीकडून एकदम आवाज आला, "ताई, तुम्ही मराठी?"

अकोल्याचा निघाला. मग काय विचारता! त्याला अकोल्याचा उकाडा सांगायचा होता, मला चेन्नईचा सांगायचा होता, कुठला जास्त यावर आमचं एकमत होईना. त्याने मनापासून सांगितलं की ताई, तुम्ही घरच्यासारख्या आहात, तुम्हाला खरं सांगतो. मी कान टवकारले. तो म्हणाला, "एकदा रीस्टार्ट करून बघा."

*

दरम्यान सेल्वीचं मशीन बाकीच्यांपेक्षाही मंद झालं. म्हणजे आधी कॉफी पिऊन यावं लागायचं, आता जेवून आलं तरी चालायचं. मी आत शिरून बघितलं तर तिथे दुसरा एक फुकटचा अँटिव्हायरस. दोघंही एकमेकांच्या फायली संशयाने तपासत होते. एका गेटवर दोन वॉचमन ठेवावेत आणि त्यांनी दिवसभर एकमेकांचीच झडती घ्यावी, तसा प्रकार.

कुणी टाकला म्हणून विचारलं तर सगळे भिंतीकडे बघायला लागले. शेवटी सेल्वी हळूच म्हणाली की मोहनसारांनी. तिचं मशीन हळू चालतं म्हणून त्यांनी स्वतः बसून घातला, वर 'आता कारण सांगू नकोस' असंही बजावलं. त्यांचा स्वतःचा लॅपटॉप नवा कोरा, त्यात फिरणारी डिस्कच नाही. त्यांना या दळणाचा पत्ता कुठून असणार? मी तो दुसरा वॉचमन काढून टाकला आणि मोहनसारांना तोंडावर सांगितलंही. ते म्हणाले की मशीन सगळ्यांना सारखंच आहे, हळू ती एकटीच आहे.

आता हे माझ्या जिव्हारी लागलं. मी बॅग ठेवली आणि ठरवलं, कारण सापडल्याशिवाय इथून हलायचं नाही.

*

त्या दिवशी ऑफिस सुटेपर्यंत थांबले म्हणूनच सापडलं. सगळे उठले, आणि रावसार चाव्यांचा जुडगा घेऊन आले. प्रत्येक मशीनपाशी थांबले, बंद झाल्याची खात्री केली, भिंतीवरच्या मेन स्विचला हात लावून डोळ्यांना लावला आणि खटका खाली ओढला. अस्कं बंद! पूर्वी कधीतरी शेजारच्या शेडमध्ये शॉर्टसर्किट झालं होतं, तेव्हापासून हा नेम एकदाही चुकलेला नव्हता.

मी कपाळावर हात मारला. पुण्यात मशीनं रात्रभर चालू असतात, म्हणून तिथल्या लोकांनी पूर्ण तपासणीची वेळ रात्रीची लावलेली. आमच्याकडे रात्री मेनच बंद. मग सॉफ्टवेअर काय करणार? रात्रीची तपासणी हुकली म्हणून सकाळी मशीन चालू होताच पहिल्या फायलीपासून सुरुवात. संध्याकाळपर्यंत निम्मं होतं न होतं तोच रावसार खटका ओढणार. उद्या पुन्हा पहिल्यापासून. आणि सेल्वीकडे कंपनीची जुनी ड्रॉइंगं साठवलेली, त्यामुळे तिच्या मशीनला तपासायला सगळ्यात जास्त. एकदा तपासणी पूर्ण झाली की पुढे फक्त नवीन फायली बघायच्या असतात, पण ते एकदा होणार कधी?

सेटिंगला पासवर्ड पुण्याचा. पुण्याला फोन केला तर पॉलिसी आहे, अर्ज करा, पुढच्या महिन्यात बघू. आणि सेल्वीचा निकाल शुक्रवारी. उरला एकच उपाय, एक रात्र मेन चालू ठेवायचा. मी रावसारांना विनवलं, समजावलं, जरा आवाजही चढवला. ते म्हणाले, "अम्मा, मी आहे तोवर ते होणार नाही." म्हातारा माझ्याहून हट्टी निघाला.

*

शुक्रवार उजाडला. मी मोहनसारांना सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे सगळं ठीक आहे, पण मी आज पुण्याला मेल पाठवणार, हिला ठेवू नका म्हणून. सेल्वी तिथेच उभी होती. तिने मान खाली घातली, आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "जरूर पाठवा. फक्त ती मेल हिच्या मशीनवर बसून लिहा."

त्यांना ते आव्हान वाटलं. दुपारचं जेवण आटोपून ते सेल्वीच्या खुर्चीत बसले आणि सेल्वीला त्यांच्या लॅपटॉपवर बसवलं. मशीनला मेलचा प्रोग्राम उघडायला सांगितला. गोल चक्र फिरायला लागलं. त्यांनी पुन्हा क्लिक केलं. आणखी एक चक्र. त्यांनी माउस आपटला, कॉफी मागवली, ती प्यायली. मी बाजूला हाताची घडी घालून उभी, एक शब्द बोलले नाही. माझ्यासाठी हे फार अवघड होतं. पलीकडे सेल्वी एक ड्रॉइंग संपवून दुसरं काढत होती, दुसरं संपवून तिसरं. थोड्या थोड्या वेळाने मोहनसार तिकडे बघायचे आणि पुन्हा आपल्या चक्राकडे.

ऑफिस सुटलं. चाव्यांचा आवाज करत रावसार आले आणि मॅनेजरला सेल्वीच्या खुर्चीत बघून थबकले.

मोहनसार म्हणाले, "रावसार, थोडं थांबा. मेल आत्ताच उघडलीय."

रावसारांनी विचारलं की कसली मेल. मोहनसार म्हणाले, या मुलीबद्दलची. रावसारांनी सेल्वीकडे बघितलं, मग त्या लाल दिव्याकडे, आणि स्टूल ओढून शेजारी बसले. मोहनसार टाइप करायला लागले. एक अक्षर उमटायचं, मग वाट बघायची, मग दुसरं. रावसार ते एकेक अक्षर वाचत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "सार, ठेवू नका म्हणून लिहिणार होता ना?"

मोहनसारांनी घाम पुसला. "लिहायला बसलो तेव्हा तेच लिहिणार होतो," ते म्हणाले. "पण अजून अर्धीच झालीय. आता बंद केलंत तर सोमवारी मला पहिल्यापासून लिहावी लागेल."

रावसार उठले. मेन स्विचपाशी गेले, त्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला. मग खटका न ओढताच चाव्यांचा जुडगा खिशात टाकून म्हणाले, "सावकाश लिहा," आणि जिना उतरून घरी गेले.